ओट्याची नोटीस

३ जुलै २०२५, घोडेगाव

सुरतेच्या एजंटाने दिवाळीत दिलेली ही डायरी गल्ल्याखाली कोरी पडून होती. आज काढली. कारण एक गोष्ट अशी आहे की बायकोला, चेतनाला सांगितली तर ती चिडेल, बाबांना सांगितली तर ते गप्प बसतील, आणि ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांगायची माझ्यात धमक नाही. डायरी बिचारी उलटून बोलत नाही.

तर झालं असं, की कापडाचं दुकान मोडून रेडिमेडचं शोरूम करायचं नक्की झालं. तागे आता घेतो कोण? पॅन्टपीस खपतो तो आहेरात द्यायला, आणि तोच पीस चार लग्नं फिरून पुन्हा आपल्याच घरी येतो. आळेफाट्याचा काचवाला माप घेऊन गेला. जाताना म्हणाला, "शेठ, म्होरला ओटा तोडल्याबिगर काच बसायची न्हाई. आन् मग ते मशीन कुठं ठिवणार?"

ते मशीन म्हणजे गोरखभाऊ. गोरख भगवंत बोऱ्हाडे, राहणार शिनोली, आमच्या ओट्यावरचे टेलर. छत्तीस वर्षं झाली. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी त्यांना तिथे बसवलं. भाडं नाही, लिखापढी नाही. दुकानातून कापड घेणाऱ्याचं शिवण आधी करायचं, एवढाच व्यवहार. बाबा म्हणाले होते, "दुकान आहे तोवर तुझं मशीन आहे." माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्या, कॉलेजची पहिली फुलपँट, लग्नाचा सूट, सगळं त्याच मशीनवरचं.

आज सांगायचंच म्हणून दोन चहा मागवले. "गोरखभाऊ, एक बोलायचं होतं."

त्यांनी पाय थांबवला, चष्मा कपाळावर चढवला. "बोला की, जिनूशेठ."

आणि मी काय बोललो? "ही पँट कंबरेत जरा आवळून द्या." पँटीला काही झालेलं नव्हतं. त्यांनी टेप लावली, माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुमी तर वाळलाय. कसला घोर लागलाय?"

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा मी, चहा तसाच ठेवून आत गेलो.

५ जुलै

सुदर्शनकडे जाऊन आलो. आता कोर्टातला मोठा वकील, पण दहावीला गणितात माझ्या पेपरात बघून पास झालेला.

"भाडं घेत होतास?"

"नाही."

"काही कागद?"

"नाही रे. बाबांचा शब्द."

"शब्द म्हणजे परवानगी. दिलेली परवानगी काढून घेता येते. नोटीस द्यायची, पंधरा दिवस मुदत द्यायची, मग ताबा घेऊन ताबापावतीवर सही घ्यायची. संपला विषय."

मी विचारलं, नुसतं तोंडाने सांगितलं तर? तो हसला. "तोंडाने सांगशील, आणि उद्या तो म्हणेल, मी भाडेकरू आहे, छत्तीस वर्षांचा ताबा आहे. मग बस फेऱ्या मारत. कोर्टाला तोंड दिसत नाही, जिन्या. कागद दिसतो."

खोटं कशाला लिहू, मला एवढं हलकं वाटलं! आपल्याला सांगायला जमत नाही ही आपली भित्री खोड नाहीच, उलट बोलू नका असं कायदाच सांगतोय. येताना घरी मुगाची भजी नेली.

चेतना म्हणाली, "गोरखभाऊंना आत मागे बसवू या ना. रेडिमेडलाही लांबी कमी करायला माणूस लागतोच." मी म्हटलं, रेडिमेडच्या कंपनीच्या माणसाला दुकान चकचकीत हवंय, पायमशीनचा खडखडाट नको. "मग तसं त्यांना विचार तरी," ती म्हणाली. विचारतो म्हटलं.

९ जुलै

नोटीस रजिस्टरने गेली. पोस्टातून आलो तर गोरखभाऊ म्हणाले, "पावसाचं कुठं भिजत फिरताय?" म्हटलं, बँकेत गेलो होतो.

१२ जुलै

आज जे झालं ते लिहू की नको, असं दिवसभर चाललंय. लिहितो.

अकराच्या सुमारास गोरखभाऊ आत आले. हातात तो लिफाफा. काउंटरवर ठेवला आणि हाताने सरळ केला. "जिनूशेठ, हे कालच्याला आलं. जरा वाचून सांगा."

मला हे सुचलंच नव्हतं! सुदर्शनला सुचायचं कारण नाही, पण मला सुचायला हवं होतं. बाबांच्या काळापासून आमचं दुकान हे निम्म्या गावाचं कागद वाचायचं ठिकाण. सातबारा असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, माणसं कापड घेवोत न घेवोत, कागद आमच्याकडे आणतात. त्यासाठी बाबांनी गल्ल्यात जादा चष्मा ठेवला होता. आणि गोरखभाऊ अडाणी नाहीत, बरं का. रोज सकाळी आमचा पेपर माझ्याआधी तेच वाचतात. पण कागद आला की आत येतात. म्हणतात, "अक्षर मला कळतं, शेठ. कागद तुमाला कळतो." त्यांच्या बायकोच्या, साळुवहिनींच्या ऑपरेशनचे कागद मी वाचले. त्यांची पोरगी श्रेया पुण्याला वकिलीच्या कॉलेजात लागली, तिचाही फॉर्म याच काउंटरवर भरला.

लिफाफा उघडला. "माझे अशील श्री. जिनेश दलीचंद…" पहिल्याच ओळीत माझं नाव. ते समोर उभे, नजर माझ्या तोंडावर. कागदावर नव्हे, तोंडावर.

तेवढ्यात बोलून टाकता आलं असतं. "गोरखभाऊ, हे मीच पाठवलंय," एवढी चार शब्दांची गोष्ट. पण तोंडातून भलतंच निघालं. "काही नाही हो. रस्त्याकडेच्या ओट्यांची मोजणी आहे. त्याचं आहे हे."

"मोजनी?"

"हो. सगळ्यांनाच आलंय."

"सगळ्यास्नी?" त्यांनी विचारलं, "मंग मला काय करावं लागंल?"

"काही नाही. घरी ठेवून द्या."

त्यांनी कागदाची घडी होती तशीच घातली, खिशात ठेवली. "तुमी वाचलं म्हंजी झालं," म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले. त्यानंतर बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. बॉबिनमध्ये दोरा अडकला असावा.

मी काय केलं हे? मुद्दाम ठरवून नाही केलं. पण झालं, आणि लिहितानाही कानशिलं तापलीत.

२० जुलै

आठवडाभर नीट झोप नाही. गोरखभाऊ मात्र मजेत दिसतात. त्यांना काही कळलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

जरा आळशी मात्र झालेत. पंधरा ऑगस्टसाठी शाळेच्या पोरींचे ड्रेस शिवायला टाकायला एक बाई आली, तर तिला म्हणाले, "दुसरीकडं बघा, बाई." गणपती मंडळाचे कुडतेही आत्ता नको म्हणाले. हातातलं कामही पटापट उरकतायत. बायकांनी शिवायला टाकून नेलेच नाहीत, असे ब्लाउज वर्षानुवर्षं त्यांच्या खोक्यात पडून होते. काल ते खोकं उपसलं आणि दुपारभर छत्री घेऊन घरोघर पोचवून आले. मी म्हटलं, "अहो, राहू द्यायचे. आल्या असत्या त्या." तर म्हणाले, "लोकाची वस्तू लोकाच्या घरी बरी."

श्रावण तोंडावर आलाय, साफसफाई काढली असेल.

२८ जुलै

परवा मुदत संपली. सुदर्शनचा फोन. "पोच आली, उत्तर नाही. बेस्ट! तुला काय म्हणाला रे तो?"

"काही नाही."

"मग त्याला मान्य आहे. उत्तर न देणं हेही उत्तरच."

मी काय वाचून दाखवलं ते त्याला सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडाने?

जेवताना चेतनाने विचारलं, "बोललास का गोरखभाऊंशी?" म्हटलं, बोललो. "काय म्हणाले?" म्हटलं, बरं म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवमाणूस आहे. मी उद्या जाऊन पाया पडते त्यांच्या." म्हटलं, आत्ता नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. ती म्हणाली, "आज तुझ्याबद्दल बरं वाटलं मला." एका खोट्याला किती पिलं होतात, बघा.

४ ऑगस्ट

ताबापावतीवर सही घेतली.

सुदर्शनने अर्धं पान टाईप करून दिलं होतं. "सदर ओट्याचा रिकामा ताबा मी स्वखुशीने सोडला असून माझा कोणताही हक्क उरलेला नाही." तो कागद दुसऱ्या एका कागदाखाली अर्धवट सरकवून मी ओट्यावर गेलो. हे मी केलं, दलीचंद शेठजींच्या मुलाने. "गोरखभाऊ, त्या मोजणीचं. इथं एक सही लागते."

वाचून दाखवा म्हणाले नाहीत. वरचा कागद दोन बोटांनी बाजूला केला, सही केली. सावकाश, सगळं नाव. मग म्हणाले, "तारीख टाकू का? तारखेबिगर कागद कच्चा ऱ्हातो."

मी मान हलवली.

"मोठ्या शेठला ठावं हाय का?"

"मोजणीचं? त्यांना कशाला त्रास द्यायचा."

"बरं," म्हणाले. बस्स, तेवढंच.

५ ऑगस्ट

सकाळी दुकान उघडायला गेलो तर ओटा मोकळा. मशीन नाही, स्टूल नाही, खोकं नाही. ओटा धुऊन काढलेला. कडाप्प्यात मशीनच्या पायांच्या चार खाचा पडल्या आहेत, त्यांत पाणी साचलं होतं. शटरच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. आत पांढऱ्या मुहपत्त्या, घडीवर घडी. आमच्या जैन स्थानकासाठी पर्युषणात लागणाऱ्या तोंडाच्या पट्ट्या दर वर्षी तेच शिवतात. एक पैसा घेत नाहीत.

म्हणजे त्यांना कळलं होतं? कधी? काल सही करताना वाचलं असेल. तसंच असणार.

बाबांचे गुडघे गेल्यापासून ते वरच्या माडीवर गॅलरीतच असतात. दहा वाजता त्यांनी हाक मारली. "जिनू, आज मशीन का वाजत नाही?"

"गोरखभाऊ गावाला गेलेत."

"कोणत्या गावाला? त्याचं गाव तर शिनोली." मी गिऱ्हाईक आलंय म्हणून खाली पळालो. गिऱ्हाईक कसलं, दुकानात चिटपाखरू नव्हतं.

१० ऑगस्ट

श्रेया आली होती. गोरखभाऊंची मुलगी. पूर्वी "काका" म्हणायची. आज पायरीवरूनच म्हणाली, "बाबांचा टेलरिंगचा बोर्ड घ्यायचा राहिलाय."

बोर्ड मीच खिळे काढून उतरवला. म्हटलं, "बाबा रागावलेत का गं? सही करताना त्यांनी तो कागद…"

"सही करताना?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "नोटीस आली त्या दिवशी मी घरीच होते. मीच वाचून दाखवली त्यांना, अक्षर न् अक्षर. रात्रीतून उत्तरही लिहिलं, तीन पानी. छत्तीस वर्षांचा ताबा, कामाचा मोबदला, सगळं घातलं होतं. दोन वर्षं तरी तुम्हाला हलू दिलं नसतं."

मी हातातला बोर्ड तिच्यापुढे धरला.

"बाबा म्हणाले, थांब. आधी जिनूशेठ काय वाचत्यात ते बघून येतो. आले ते म्हणाले, मोजनी हाय म्हन. माझं उत्तर चुलीत घातलं त्यांनी. मी भांडले. तर म्हणाले, ज्याला माझ्या तोंडावर बोलवंना, त्याच्यासंग कोर्टात काय भांडायचं?"

बोर्ड काखेत धरून ती गेली. म्हणजे बारा जुलैपासून रोज. रोज ते ओट्यावर बसत होते, आणि रोज मी "काय गोरखभाऊ, पाऊस काय म्हणतो?" म्हणत आत शिरत होतो. ते बघत असतील, आज तरी सांगतो का. आणि मी डायरीत काय लिहिलं? आळशी झालेत! श्रावणाची साफसफाई! मागची पानं फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत. राहू देत, माझ्याच अक्षरातली आहेत.

चेतना मागच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

१६ ऑगस्ट

सहा दिवस चेतना माझ्याशी कामापुरतं बोलते. "भाजी वाढू का," एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आज बाबांसमोर जाऊन बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोटीस, मोजणी, सही. काही गाळलं नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मला वाटलं हात उगारतील. उगारला असता तर चाललं असतं.

आधी त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "दुकान बदलायला माझी ना नव्हती. काळ बदलला, धंदा बदलणारच. पण शब्द मी दिला होता."

"वकील म्हणाला, कायद्यानं…"

"कायद्यानं ओटा सुटला असेल. शब्द नोटिशीनं सुटत नाही, जिनू. दिलेला शब्द परत मागायचा असतो. ज्याला दिला त्याच्या समोर बसून. तो देतो, मग आपण मोकळे. मला खाली उचलून नेलं असतंस तर मी मागितला असता. गोरख नाही म्हणाला नसता." श्वास लागला म्हणून थांबले. "मी त्याला एकदा विचारायला हवं होतं, तेवढाही मान तू त्याला दिला नाहीस. मलाही नाही."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. लहानपणी चोरी पकडली गेली तरी इतकी लाज वाटली नव्हती. तेव्हा निदान रडता यायचं.

काचवाल्याला फोन करून काम थांबवलं. तो म्हणाला, "शेठ, काच कापून झाली." म्हटलं, राहू दे तिकडेच.

२९ ऑगस्ट

काल संवत्सरी झाली. आज क्षमापना. सकाळपासून मोबाईलवर हात जोडलेली चित्रं येतायत. मीही अंथरुणात पडल्या पडल्या एका अंगठ्याने दीड-दोनशे जणांची माफी मागितली, एकच मजकूर, सगळ्यांना. त्या यादीत गोरखभाऊंचा नंबर आला. अंगठा टेकवणार तोच स्वतःचीच शिसारी आली. पुन्हा कागदच पाठवतोय मी! उठलो, गाडी काढली, शिनोलीला गेलो.

पडवीत मशीन लावलंय. गोरखभाऊ दप्तराला चेन बसवत होते. साळुवहिनींनी पाणी दिलं. "या" म्हणाल्या, "बसा" म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो.

दर वर्षी या दिवशी बाबा ओट्यावर जाऊन गोरखभाऊंपुढे हात जोडायचे, आणि ते घाईने मशीनवरून उठून म्हणायचे, "मोठं शेठ, लाजवता व्हय गरिबाला!" मीही तसेच हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, गोरखभाऊ. वर्षभरात जाणते-अजाणतेपणी माझ्याकडून मन दुखावलं असेल तर माफी असावी."

ते उठले नाहीत. दप्तर मांडीवर घेतलं. "कंचं म्हनायचं, शेठ?"

"कोणतं काय?"

"जानतेपनी, का अजानतेपनी?"

इतकी वर्षं हे वाक्य म्हणतोय, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साळुवहिनी चुलीपाशी हालचाल थांबवून ऐकत होत्या. अजाणतेपणी म्हणायला जीभ वळतही होती, हे इथे लिहिलंच पाहिजे.

"जाणतेपणी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "नोटीस दिली, त्याचं मला कायबी न्हाई. दुकान तुमचं, ओटा तुमचा. पर मी कागद घिऊन आलो व्हतो. तुमास्नी बोलायला सोपं जावं म्हनून आलो व्हतो. मला वाटलं, तिथं तरी सांगत्याल. मी लगीच हो म्हनलो असतो, जिनूशेठ."

मला रडू आलं. पुसायचंही सुचलं नाही. त्यांनी खाली बघून चेनचा सुटलेला दोरा तोडला.

मग म्हणाले, "मोठ्या शेठला माझा रामराम सांगा. त्यांचा शबूद त्यास्नी पावला म्हनावं. माझ्याकडं काय ठिवलं न्हाई."

"आणि माझं?"

"अजानतेपनीचं माफ कराया मला येतं. लई येळा केलंय, लोकांनी माझंबी केलंय. जानतेपनीचं कसं करत्यात, ते मला ठावं न्हाई." त्यांनी दप्तर पुन्हा सुईखाली सरकवलं. "बघतो जमतंय का. पुढल्या साली या."

घरी येऊन बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या शब्दाचं सांगितलं तेव्हा त्यांनी शिनोलीच्या दिशेला हात जोडले, आणि बराच वेळ ते तसेच ठेवले.

"आणि तुझं काय म्हणाला?"

"पुढच्या वर्षी या म्हणाले."

"मग जा," बाबा म्हणाले. "तो बोलावतोय तोवर जा."